वाचकांचे प्रश्न : स्पॅनिश कवितेतल्या चळवळी आणि पिढ्या

प्रश्न : लोर्का आणि नेरुदा यांच्या काही कविता अनुवादातून वाचल्यानंतर मी स्पॅनिश कवितेच्या इतिहासाकडे वळलो, पण मोदेर्निस्मो, १८९८ची पिढी, १९२७ची पिढी या नावांत माझा गोंधळ उडाला. यांतले स्पेनचे काय आणि लॅटिन अमेरिकेचे काय? सुरुवात कुठून धरावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सुरुवात १८८८ सालापासून धरावी, आणि तीही माद्रिदपासून नव्हे, तर चिलीतल्या वाल्पाराइसो या बंदरापासून. त्या वर्षी तिथे ‘आसुल’, म्हणजे ‘निळा’, या नावाचे कथा-कवितांचे एक लहानसे पुस्तक छापले गेले. लेखक होता निकाराग्वातून आलेला एकवीस वर्षांचा रुबेन दारीओ. पुस्तक माद्रिदला हुआन वालेरा या ज्येष्ठ कादंबरीकारांच्या हाती पडले आणि त्यांनी वृत्तपत्रातून पत्ररूपाने त्यावर सविस्तर लिहिले. या तरुणाच्या मनावर फ्रेंच वाङ्मयाचा पगडा आहे, हे नोंदवूनही त्यांनी त्याच्या प्रतिभेला मोकळेपणाने दाद दिली.

दारीओ आणि त्याच्या बरोबरीचे कवी यांनी उभ्या केलेल्या चळवळीला मोदेर्निस्मो म्हणतात. एलियट आणि पाउंड यांच्या इंग्रजी आधुनिकतावादाशी तिची गल्लत करू नये. ती त्याच्या कितीतरी आधीची असून तिचे नाते फ्रान्समधल्या पार्नासियन (रेखीव, घोटीव रूपाचा आग्रह धरणाऱ्या) आणि प्रतीकवादी (सूचक प्रतिमांतून बोलणाऱ्या) कवींशी आहे. क्यूबाचा होसे मार्ती या वाटेवर दारीओच्याही आधी चालला. आपल्या लहान मुलाला उद्देशून लिहिलेला त्याचा ‘इस्माएलियो’ हा संग्रह १८८२ सालचा आहे, आणि १८९५ मध्ये क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धात स्पॅनिश सैन्याशी लढताना तो मारला गेला.

वसाहतीतले कवी मायदेशाचे अनुकरण करतात, हीच आपली सर्वसाधारण समजूत असते. इथे मात्र प्रवाह उलटा वाहिला, आणि स्पॅनिश कवितेच्या इतिहासातली हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १८९८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपाइन्स गमावले. त्या पराभवानंतर देशाची स्थिती कशी आहे हे लिहून पाठवण्यासाठी बुएनोस आइरेसच्या ‘ला नासिओन’ या वृत्तपत्राने दारीओलाच तिकडे पाठवले. साम्राज्य बुडालेल्या त्या देशात तरुण कवी त्याच्याभोवती गोळा झाले. त्यांत आंदालुसियातल्या मोगेर या गावाहून १९०० मध्ये आलेला हुआन रामोन हिमेनेझ होता. पुढे १९५६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

‘१८९८ची पिढी’ हे नाव मात्र आसोरीन या लेखकाने १९१३ मध्ये रूढ केले, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी. पराभवाने अंतर्मुख होऊन स्पेनच्या मातीचा आणि मनाचा शोध घेणारे लेखक, असा त्याचा अर्थ. मिगेल दे उनामुनो आणि आंतोनिओ माचादो ही त्यांतली मोठी नावे. आता माचादोचे उदाहरण घ्या. १९०३ सालचा त्याचा ‘सोलेदादेस’ हा पहिला संग्रह मोदेर्निस्मोच्या सावलीतला आहे, तर सोरिया या लहान शहरात फ्रेंच शिकवत असताना घडलेला आणि १९१२ मध्ये आलेला ‘काम्पोस दे कास्तिया’ हा संग्रह पठारावरची उघडी जमीन, ओक वृक्ष आणि तिथली गरिबी यांनी भरलेला आहे. दारीओला गुरू मानूनही आपण वेगळ्या वाटेने जाण्याचा प्रयत्न केला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि १९१६ मध्ये दारीओ वारला तेव्हा त्याच्यावर शोककविताही लिहिली. अशा कवीला दोनपैकी एकाच कप्प्यात बसवण्याचा हट्ट धरला, तर त्याच्यात झालेले परिवर्तनच नजरेआड होते. म्हणून आपण ही नावे कालखंडाच्या खुणा म्हणून लक्षात ठेवावीत, आणि स्पेनचा कोण व लॅटिन अमेरिकेचा कोण ही वाटणी सोडून द्यावी.

प्रश्न : अनुवादात या कविता मुक्तछंदासारख्या वाटतात. मुळात त्यांना छंद असतो का?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : बहुतेकींना असतो, आणि मराठी वाचकाला तो समजायला फारसे कष्ट पडू नयेत. आपल्या अभंगाप्रमाणे स्पॅनिश छंदही ओळीतली अक्षरे मोजतो. लघु-गुरूंचा क्रम तिथे बघत नाहीत. फरक इतकाच की ओळीच्या शेवटी आघात कुठे पडतो यावर मोजणी थोडी बदलते. शेवटच्याच अक्षरावर आघात असेल तर एक अक्षर जास्त धरतात, आणि दोन शब्दांच्या सांध्यावर स्वर एकत्र आले तर ते सहसा एकच मानतात.

तिथला सर्वांत लोकप्रिय छंद ‘रोमान्से’ हा आहे : आठ अक्षरांच्या ओळी, आणि दर दुसऱ्या ओळीच्या अखेरीस व्यंजने वेगळी पण स्वर तेच. ही लोकगाथांची जुनी चाल आहे. लोर्काच्या १९२८ सालच्या ‘रोमान्सेरो हितानो’ या संग्रहातली ‘वेर्दे के ते किएरो वेर्दे’ या ओळीने सुरू होणारी प्रसिद्ध कविता घ्या. त्या ओळीत बरोबर आठ अक्षरे आहेत, आणि पुढच्या समसंख्य ओळींचे शेवट ‘रामास’, ‘मोंतान्या’, ‘बारांदा’, ‘प्लाता’ असे येतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी आ-आ. कविता संपेपर्यंत हा स्वरांचा नाद टिकतो. आशय अगदी स्वप्नासारखा तुटक असूनही कविता विस्कटत नाही, याचे श्रेय या जुन्या चालीला आहे. दारीओचे छंदातले कामही असेच जुन्याला उजाळा देणारे होते. तेराव्या शतकातल्या गोन्सालो दे बेर्सेओने वापरलेली चौदा अक्षरी ओळ त्याने ‘सोनातिना’सारख्या कवितांत नव्या लवचीकपणाने खेळवली. शक्य असेल तर मूळ कवितेचे ध्वनिमुद्रण ऐकावे. अर्थ कळला नाही तरी चाल कळते.

प्रश्न : १९२७ची पिढी हे नाव का पडले? त्या वर्षी असे काय घडले?
– एक वाचक, पणजी

उत्तर : त्या वर्षी कॉर्दोबाचा कवी लुईस दे गोंगोरा याच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली. सतराव्या शतकातल्या या कवीची ‘सोलेदादेस’ ही दीर्घ कविता दुर्बोध आणि कृत्रिम म्हणून अनेक पिढ्या बाजूला ठेवली गेली होती. माद्रिदमधल्या तरुण कवींना मात्र त्याच्या प्रतिमांमध्ये आपल्याच शोधाचे पूर्वरूप दिसले. दामासो आलोन्सोने ‘सोलेदादेस’ची गद्य उलगड्यासह नवी आवृत्ती काढली, आणि डिसेंबरमध्ये सेव्हिलच्या ‘आतेनेओ’ या संस्थेत लोर्का, राफाएल आल्बेर्ती, होर्हे गियेन, हेरार्दो दिएगो आणि आलोन्सो यांनी गोंगोराच्या स्मरणार्थ व्याख्याने दिली व काव्यवाचन केले. या मेळाव्याचा पुढाकार आणि पाहुणचार इग्नासिओ सांचेस मेहियास या बैलझुंजवीराचा होता. १९३४ मध्ये बैलाचे शिंग लागून तो दगावला आणि लोर्काने त्याच्यावर जी शोककविता लिहिली, ती विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ विलापिकांपैकी एक आहे.

या कवींचे वैशिष्ट्य माझ्या मते असे की नवतेसाठी त्यांनी परंपरा मोडीत काढली नाही. त्यांच्या आधीच्या दशकात चिलीचा विसेंते उइदोब्रो ‘कवीने निसर्गाचे वर्णन करू नये, नवी सृष्टी निर्माण करावी’ असा आग्रह धरून माद्रिदला येऊन गेला होता, आणि ‘उल्त्राइस्मो’ ही प्रतिमेवर भर देणारी चळवळही तिथे उठून विरली होती. त्यांच्याकडून प्रतिमेचे धाडस घेऊन या पिढीने ते लोकगीताच्या आणि सुनीताच्या साच्यात ओतले. पुढे लोर्काने न्यूयॉर्कच्या मुक्कामात आणि विसेंते आलेइक्सांद्रेने आपल्या अतिवास्तव वळणाच्या कवितांत तोही साचा फोडला.

लोर्काने १९३३ मध्ये बुएनोस आइरेसला जाऊन जे केले ते इथे सांगायलाच हवे. तिथल्या लेखकांच्या भोजनप्रसंगी तो आणि पाब्लो नेरुदा एकदम उभे राहिले आणि आळीपाळीने बोलत दोघांनी मिळून एकच भाषण केले. विषय होता रुबेन दारीओ. ज्या शहरात तो राहिला, ज्यावर त्याने प्रेम केले, तिथे त्याचे स्मारक नाही, अशी तक्रारही त्यांनी मांडली. स्पेनचा एक कवी आणि चिलीचा एक कवी मिळून निकाराग्वाच्या कवीचे ऋण मान्य करतात, यापेक्षा वर सांगलीच्या वाचकाला दिलेल्या उत्तराचा चांगला पुरावा मला देता येणार नाही.

१९३६च्या यादवी युद्धाने ही पिढी उधळली. लोर्काला त्याच ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ गोळ्या घालण्यात आल्या. सालिनास, गियेन, आल्बेर्ती, सेर्नुदा परदेशी गेले. माचादो १९३९ मध्ये सीमा ओलांडून फ्रान्समधल्या कोलिऊर या गावी पोहोचला आणि तिथेच वारला. पिढीचा धाकटा भाऊ शोभावा असा मिगेल एर्नांदेस १९४२ मध्ये आलिकांतेच्या तुरुंगात मरण पावला. आलेइक्सांद्रे देशातच राहिला, आणि १९७७ चे त्याचे नोबेल हे अनेकांना सबंध पिढीचे वाटले.

प्रश्न : या पिढीत एकही कवयित्री नव्हती का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : होत्या, यादीत घेतल्या गेल्या नाहीत. पिढीची ओळख ठरवली ती हेरार्दो दिएगोने १९३२ मध्ये संपादित केलेल्या संकलनाने, आणि त्यात एकही स्त्री नव्हती. १९३४च्या दुसऱ्या आवृत्तीत एर्नेस्तिना दे चाम्पुर्सिन आणि होसेफिना दे ला तोरे या दोघी आल्या. कोंचा मेंदेस तेव्हाही वगळलीच गेली, आणि हे मला विशेष खटकते, कारण ती स्वतः कवयित्री तर होतीच, पण पती मानुएल आल्तोलागिरे याच्यासह छापखाना चालवून तिने याच कवींची पुस्तके आणि नियतकालिके छापली. नेरुदाने माद्रिदमध्ये काढलेले कवितेचे नियतकालिकही त्यांच्याच यंत्रावर निघाले. अलीकडच्या काही वर्षांत स्पेनमध्ये या लेखिकांची पुस्तके पुन्हा प्रसिद्ध होत आहेत. लॅटिन अमेरिकेत चित्र थोडे बरे होते : चिलीच्या गाब्रिएला मिस्त्रालला १९४५ मध्ये नोबेल मिळाले, आणि त्या खंडातल्या लेखकाला मिळालेले ते पहिलेच होय.

प्रश्न : सेसार वायेहो कोणत्या चळवळीचा?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : कोणत्याच नाही. पेरूच्या या कवीचा पहिला संग्रह मोदेर्निस्मोच्या भाषेत सुरू होतो, पण १९२२ मध्ये लिमात छापलेल्या ‘त्रिल्से’मध्ये वाक्यरचना, शुद्धलेखन, अंक, सगळेच मोडून नव्याने जुळवलेले दिसते. त्यातल्या काही कविता त्रुहियोच्या तुरुंगात लिहिल्या गेल्या. तो १९२३ मध्ये पॅरिसला गेला, पेरूला कधीच परतला नाही, आणि १९३८ मध्ये गरिबीत वारला. त्याची तुटकी भाषा प्रयोगासाठी नाही, वेदनेसाठी आहे. म्हणून तिचे अनुकरण फसते.

प्रश्न : ओक्ताव्हिओ पाझ यांचा भारताशी संबंध होता असे ऐकले आहे. त्यांचे काय वाचावे?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : पाझ १९५१ मध्ये प्रथम भारतात आले ते मुंबईच्या बंदरात उतरून, आणि १९६२ ते १९६८ या काळात ते दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. मेक्सिको शहरातल्या त्लातेलोल्को चौकात २ ऑक्टोबर १९६८ रोजी सरकारने विद्यार्थ्यांवर गोळीबार केला, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी ते पद सोडले. त्यांचीही घडण दोन्ही किनाऱ्यांवरची आहे : १९३७ मध्ये, तेविसाव्या वर्षी, ते युद्धग्रस्त स्पेनमधल्या लेखकांच्या परिषदेला गेले होते, आणि तिथेच त्यांचा एक छोटा संग्रह आल्तोलागिरेने छापला.

भारतातल्या वर्षांच्या कविता ‘लादेरा एस्ते’ या १९६९च्या संग्रहात आहेत. त्यात घारापुरीच्या लेण्यांवर एक कविता आहे. तिच्या पहिल्या भागात शिल्पांच्या पायाशी कचरा टाकून जाणाऱ्या सहलकरूंना कवी संतापून शाप देतो, आणि दुसऱ्या भागात शिव-पार्वतीला, माणसातल्या दिव्यत्वाच्या प्रतिमा म्हणून, आवाहन करतो. भारतावरचे त्यांचे गद्य पुस्तक १९९५ मध्ये आले आणि ते ‘इन लाइट ऑफ इंडिया’ या नावाने इंग्रजीत मिळते. त्याचा आरंभ मुंबईतल्या त्या पहिल्या दिवसांच्या वर्णनानेच होतो, तेव्हा आपण तिथून सुरुवात करावी आणि मग कवितांकडे वळावे.