सीडीआय घेण्याआधी फुग्याला हात लावा

तुमची तक्रार थोडक्यात अशी. ४० हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन, फायबरची होडी, दाभोळच्या खाडीत फेऱ्या. सकाळी पहिल्या दोरीत चालू होतं. अर्ध्या रेसवर हवं तेवढा वेळ चालतं. पूर्ण रेस दिली की दहा-पंधरा मिनिटांत दम सोडतं, आणि दोन मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखं पळतं. प्लग नवे घातलेत, कार्ब्युरेटर दोनदा धुतलाय. आता मेकॅनिक म्हणतोय सीडीआय, म्हणजे प्लगला स्पार्क पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदला, आणि तुम्ही विचारताय की घेऊ का.

आत्ता तरी घेऊ नका. सीडीआय खराब असूही शकतो, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत माझा पहिला संशय पेट्रोलच्या वाटेवर जातो, आणि ती वाट तपासायला एक रुपयाही लागत नाही.

देवबागला माझ्या होडीला हुबेहूब हेच झालं होतं. ऐन डिसेंबर, पर्यटकांची गर्दी आणि मशीन मध्येच बसायचं. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर तीनदा उघडला. प्रत्येक वेळी किनाऱ्यावर चालवून बघितलं की मशीन ठणठणीत. बारा दिवस असे गेले. शेवटी काका होडीत बसले. मशीन बसायला लागल्यावर मी झाकण काढायला उठलो तर ते म्हणाले, "आधी तो फुगो बघ रे." टाकीपासून मशीनपर्यंतच्या नळीत जो रबराचा फुगा असतो, तो चोखून टाकलेल्या रायवळ आंब्यासारखा चपटा झाला होता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, टाकीतली जाळी साफ होती. मग फुगा आणि टाकी यांच्यामधली नळी ब्लेडने उभी चिरली. बाहेरून नळी नव्यासारखी, आतला पातळ थर मात्र फुगून सुटलेला. हळू चालताना तो पडून राहायचा, ओढ वाढली की उठून नळीचं तोंडच बंद करायचा. थांबलं की परत खाली. एवढ्याशा थराने माझे बारा दिवस खाल्ले.

असं का होतं तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. पूर्ण रेसवर तुमचं मशीन तासाला पंधरा-वीस लिटर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला पाव लिटर किंवा त्याहून जास्त. तेवढीच हवा टाकीत शिरायला हवी. मशीनवरचा पेट्रोल पंप क्रँककेसच्या दाबाच्या धक्क्यांवर चालणारा साधा डायफ्राम पंप, म्हणजे आत पातळ पडदा हलून पेट्रोल ओढणारा पंप असतो, त्याची ओढ फार नसते. वाटेत थोडी जरी अडचण असली तरी अर्ध्या रेसला तो निभावतो, पूर्ण रेसला नाही. कार्ब्युरेटरची वाटी हळूहळू रिकामी होते आणि मशीन बसतं. रेस कमी केली की वाटी परत भरते, टाकीतली हवा सारखी होते, आणि तुम्हाला वाटतं की आपोआप बरं झालं.

आता मशीन बसतं कसं, ते नीट ऐका. पेट्रोल कमी पडलं तर ते हेलकावे खात, हळूहळू बसतं. स्पार्क गेला तर दिवा विझावा तसं झटक्यात जातं, किंवा एक सिलिंडर सोडून दुसऱ्यावर फडफडत राहतं. गरम झालं असेल तर जडावत जातं, बाहेर मारणाऱ्या पाण्याची धार बारीक होते, हात लावला तर चटका बसतो. आणि रेस वाढतेय, आवाज चढतोय, पण होडीच पुढे जात नाही, असं असेल तर मशीनचा दोषच नाही. होडीला ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या आतलं रबर सुटून फिरतंय. पंख्याच्या तोंडावर आतल्या नळीपासून बाहेरच्या गाभ्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर पंखा रबर बदलायला द्या.

फुग्याची परीक्षा दोघांनी करायची. एकजण हँडलवर, दुसरा फुग्याजवळ. प्रवासी नकोत, जॅकेट अंगात, वल्ही आणि नांगर हाताशी. अंजनवेलच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी, तेही ओहोटीला, हे करू नका. धोपाव्याच्या फेरीबोटीची वाटही सोडा. आत शांत पाण्यात पूर्ण रेस द्या. मशीन बसायला लागलं की लगेच फुगा हाताने चाचपा. चालू मशीनला तो थोडा मऊ लागणारच, त्याची काळजी नको. पण चपटा झाला असेल तर अडचण फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, नळीचा आतला थर, कनेक्टर. चपटा नाही, पण हळूहळू दाबत राहिल्यावर मशीन पुन्हा उचलतंय, तर पंपाचा डायफ्राम थकलाय किंवा वाटेत कुठे तरी हवा शिरतेय. आणि फुगा भरलेला आहे, दाबूनही मशीनला फरक पडत नाही, तर पेट्रोल पोचतंय. मग कार्ब्युरेटर आणि स्पार्क यांच्याकडे वळा. जोर लावून दाबू नका, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होईल.

हवा शिरते ती जागा चालू मशीनला कधीच सापडत नाही. तिथे ओढ असते, त्यामुळे पेट्रोल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. मशीन बंद करून फुगा कडक होईपर्यंत दाबा आणि प्रत्येक जोडावर सुकं फडकं फिरवा. जिथे ओलं लागेल, तिथेच चोर. बहुतेक वेळा कनेक्टरमधली रबराची रिंग किंवा गंजलेली क्लिप निघते. हे करताना विडी-सिगारेट लांब.

याहून सोपी एक गोष्ट आहे आणि माझा तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे. शेजारच्या होडीची टाकी नळी आणि फुग्यासकट अर्ध्या तासासाठी मागून घ्या, कनेक्टर बसत असेल तर. तिच्यावर मशीन पूर्ण रेसला अर्धा तास न बसता पळालं, तर दोष तुमच्या टाकी-नळीत आहे आणि सीडीआयचे पैसे वाचले.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण अलीकडच्या तक्रारींत मला हे वारंवार दिसतंय. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि खाडीवरच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की पाण्याला वाट मिळते. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतात, आणि आपली नळी नेमकी तळातूनच ओढते. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी खाली वेगळा थर दिसला तर ती टाकी रिकामी करून धुवावीच लागेल. जुन्या नळ्यांचा आतला थर फुगतो तोही बऱ्याचदा या इथेनॉलमुळेच. नवी नळी घेताना इथेनॉल चालणारी आहे का विचारून घ्या, बागेची पारदर्शक नळी लावू नका. आणि पारदर्शक वाटीचा पाणी अडवणारा फिल्टर बसवा, पाणी डोळ्यांना दिसतं. जूनमध्ये पावसाळी बंदी लागते तेव्हा टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन पाण्यात ठेवून चालवा. दोन महिने आत राहिलेलं पेट्रोल जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, चिकट होऊन बसतं.

एवढं करून पेट्रोलची वाट साफ निघाली, तरच विजेकडे या. तेव्हाही आधी जोड बघा. खाऱ्या हवेत तारांच्या टोकांना हिरवा कळंक चढतो, अर्थिंगची तार त्यात पहिली जाते. बंद करायच्या स्विचमध्येही खार शिरतो. मग टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक स्पार्कला लुकलुकणारा दिवा, आधी एका आणि नंतर दुसऱ्या प्लगच्या तारेला लावून मशीन पळवा. मशीन बसताना लाइटचं लुकलुकणं तुटलं तर स्पार्क खरंच जातोय. दोन्ही तारांवर तुटलं तर सीडीआय, स्टेटर (मशीनमध्ये वीज तयार करणारी गुंडाळी) किंवा स्विच. एकाच तारेवर तुटलं तर त्या सिलिंडरची कॉइल किंवा प्लगची टोपी बघा. कुणी सांगितलं तरी चालू मशीनची टोपी हवेत उपटून स्पार्क बघू नका. त्याने चांगला सीडीआयसुद्धा जळतो, हाताला झटका बसतो तो वेगळा.

पाण्याची धार बारीक होत असेल तर इम्पेलर, म्हणजे मशीन थंड ठेवणारं पाणी वर ढकलणारा रबरी पंखा, काढून बघा. वाळूच्या खाडीत तो लवकर झिजतो, मी दरवर्षी बदलतो. फोर-स्ट्रोकवाल्यांनी मात्र लक्षात ठेवा की गरम झालं किंवा ऑइल कमी झालं की त्यांचं मशीन स्वतःहून रेस कमी करतं आणि बजर वाजतो. तिथे आधी पाणी आणि ऑइल बघायचं.

उद्या सकाळी भरती असेल तेव्हा एक फेरी मारा आणि मशीन बसलं तेव्हा फुगा चपटा होता की भरलेला, आणि दाबल्यावर मशीनने उचललं की नाही, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.