सिव्हिल सोडू नका, तीच तिची ताकद आहे

नमस्कार दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक सिव्हिलच्या थर्ड इयरला, तिला फोटोवरून रस्त्याच्या भेगा ओळखायचा प्रोजेक्ट करायचाय आणि तुम्हाला वाटतंय की हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम, ही मागे पडेल. मला तर उलट वाटतं.

कोड काय हो, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि फोटो तपासायचं ओपनसीव्ही हे तयार सॉफ्टवेअर, मनावर घेतलं तर ती एका सुट्टीत सुरू करेल. पण चाकाच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसलं तर गाड्यांच्या भाराने डांबराचा थर थकलाय किंवा खालचा थर कमजोर आहे, आणि काळ्या मातीवरच्या रस्त्याला कडेने लांबच लांब भेग गेली तर माती उन्हाळ्यात आकसलीय, हे फोटो सांगत नाही, सिव्हिलवाला सांगतो. कडेची भेग नुसती भरून भागू शकतं, जाळ्याच्या ठिकाणी खालपासून काम काढावं लागू शकतं, खर्चात केवढा फरक!

डेटाची काळजी नको. आरडीडी २०२२ नावाचा मोफत डेटासेट, म्हणजे फोटोंचा तयार संच आहे, सहा देशांचे ४७ हजारांवर फोटो, त्यात भारतातले रस्तेही आहेत, आडवी भेग, उभी भेग, जाळं, खड्डा असं सगळं खुणा करून दिलेलं. सुरुवात त्यावर करू दे, मग मोबाईल घेऊन तुमच्याच गावच्या रस्त्यावर. तिथे कळेल की झाडाची सावली, ऑईलचा डाग, आधी डांबराने भरलेली रेघ, सगळंच मॉडेलला, म्हणजे फोटोंवरून शिकलेल्या प्रोग्रामला, भेग वाटतं.

आणि एक तिला नक्की सांगा, ९७ टक्के ॲक्युरसी (अचूकता) आली म्हणून हुरळू नकोस. समजा फोटोत भेगेचे पिक्सेल तीनच टक्के आहेत, तर मॉडेलने "भेग नाहीच" असं सरसकट म्हटलं तरी ९७ टक्के येतात! खऱ्या भेगांपैकी किती सापडल्या ते मोजायचं. भेगेची रुंदी मिलिमीटरमध्ये हवी तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, नाहीतर नुसते पिक्सेल मोजून काय उपयोग.

नोकरीचं विचारलंत. हायवेच्या पाहणीला आता कॅमेरे आणि लेझर लावलेली नेटवर्क सर्व्हे व्हेइकल फिरते, म्हणजे तो डेटा वाचून कुठली दुरुस्ती करायची हे ठरवणारी माणसं कन्सल्टन्सीत लागणारच. पुढे शिकायचं असेल तर गेट देऊन ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमटेक करू दे. पण आधी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ८२ वाचायला लावा, डांबरी रस्त्याच्या देखभालीची नियमावली आहे ती, आणि या रविवारी तिच्यासोबत तुम्हीही रस्त्यावर जा, पट्टी धरायला कुणीतरी लागेलच.