जीटीआय की जीटीडी: आधी एका फेरीची लांबी पाहा

सातव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फच्या दोन वापरलेल्या गाड्या, एक पेट्रोलची जीटीआय आणि एक डिझेलची जीटीडी, तुम्ही पाहून ठेवल्या आहेत. रोजची फेरी आठ-दहा मिनिटांची आहे, महिन्यातून एखाद-दोन वेळा महामार्गावर लांब जाणे होते, आणि जीटीडीच्या सर्व्हिसच्या कागदांत डीपीएफचा (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागल्याची नोंद असूनही विक्रेता “एकदा महामार्गावर पळवा, साफ होईल” म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य मलाही जवळजवळ याच शब्दांत ऐकवले गेले होते. माझी गाडी दुसऱ्या कंपनीची, पण याच वर्गातली डिझेल हॅचबॅक होती, आणि तिच्या फिल्टरपायी जो मनस्ताप झाला तो तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. मी मेकॅनिक नाही, त्यामुळे सौदा करण्यापूर्वी गाडी एखाद्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवाच.

आधी टॉर्कबद्दल, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराबद्दल, कारण तुमचा ओढा तिकडेच दिसतो. जीटीडीचे ३८० न्यूटनमीटर १७५० ते ३२५० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) दरम्यान मिळतात, तर २२० अश्वशक्तीच्या जीटीआयचे ३५० न्यूटनमीटर १५०० पासून थेट ४४०० पर्यंत टिकतात. इंजिनाची शक्ती टॉर्क आणि आरपीएम यांच्या गुणाकारातून येते, त्यामुळे डिझेल आपल्या टॉर्कच्या वरच्या टोकाला साधारण १२९ किलोवॉट देते आणि पेट्रोल आपल्या टोकाला साधारण १६१. शिवाय डिझेल इंजिनाचा जोर कमी आरपीएमवरच संपतो म्हणून त्याचे गिअर लांब ठेवावे लागतात, आणि चाकापर्यंत पोहोचताना कागदावरचा तो ३० न्यूटनमीटरचा फायदा उरत नाही. शून्य ते शंभरचे कंपनीचे आकडे, जीटीआयसाठी ६.५ आणि जीटीडीसाठी ७.५ सेकंद, हेच सांगतात. तरीही सहाव्या गिअरमध्ये शांतपणे जाताना, गिअर न बदलता ट्रकला ओलांडण्यात डिझेलची जी मजा आहे ती मी नाकारणार नाही. डिझेलची स्पोर्टी हॅचबॅक ही कल्पनाही जुनी आणि प्रामाणिक आहे: जीटीआय १९७६ मध्ये आली, तर पहिली जीटीडी १९८२ मध्ये ७० अश्वशक्तीच्या टर्बो डिझेलसह, आणि २००३ च्या स्कोडा फाबिया आरएसला तर १३० अश्वशक्तीचे डिझेल हे एकच इंजिन होते. त्यामुळे माझा आक्षेप डिझेलच्या चालण्यावर नाही. तुमच्या आठ-दहा मिनिटांच्या फेरीत ते इंजिन कधी धड तापतच नाही, यावर आहे.

“वर्षाला अमुक किलोमीटरच्या वर असाल तर डिझेल” हा सल्ला सगळे देतात आणि मला तो अपुरा वाटतो. वर्षाचे एकूण अंतर सारखे असलेल्या दोन चालकांपैकी एक रोज तासभर सलग चालवत असेल आणि दुसरा दिवसातून अनेकदा दहा-दहा मिनिटे, तर पहिल्याला डिझेल उत्तम आणि दुसऱ्याला त्रासदायक ठरेल. डिझेल इंजिन इंधनातली ऊर्जा अधिक चांगली वापरते, म्हणून वाया जाणारी उष्णता कमी आणि तापायला लागणारा वेळ जास्त. काजळी आपोआप जळून जावी एवढा एक्झॉस्ट त्या फेरीत तापत नाही. मग इंजिन स्वतः जादा डिझेल सोडून फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते आणि साठलेली काजळी जाळते. या क्रियेला, म्हणजे रिजनरेशनला, दहा ते वीस मिनिटे सलग चालवणे लागते. तुम्ही मध्येच इंजिन बंद केले की ती अर्धवट राहते, पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते, आणि प्रत्येक वेळी थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर ते याचेच लक्षण, आणि असे ऑइल ताबडतोब बदलावे.

इथवरचे ज्ञान आता सर्वत्र मिळते. जे मिळत नाही, आणि ज्याची किंमत मी सर्वांत जास्त मोजली, ते पुढे आहे: डिझेल गाडीच्या फिल्टरमध्ये काहीही बिघडले की दोषाचे पहिले बोट चालकाकडे जाते, आणि ते हटवण्याची जबाबदारीही चालकावरच येते. माझ्या गाडीवर विस्तारित वॉरंटी होती. दिवा लागला तेव्हा सर्व्हिस सेंटरने स्कॅनर जोडून सक्तीचे रिजनरेशन केले, पैसे घेतले आणि लांब फेरी मारण्याचा सल्ला दिला. मी लांब फेऱ्या मारल्या, तरी दिवा परत आला, आणि पुन्हा तेच झाले. फिल्टरवर दावा केला तेव्हा वॉरंटी कार्यालयाने आधी “वापराच्या पद्धतीमुळे झालेले नुकसान” असे कळवले. वापराची पद्धत कशावरून ठरवली हे मी लेखी विचारले, तर उत्तर आले की फिल्टर हा झिजणारा भाग असल्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही. मग करारातले कलम दाखवा असे लिहिले, तेव्हा सर्व्हिस सेंटरचा अहवाल अपुरा असल्याने फाइल बंद केल्याचे पत्र आले. दर वेळी नवा माणूस, नवे कारण आणि पहिल्या पानापासून पुन्हा सगळे सांगणे. फोनवर कोणी उद्धट बोलले नाही हे मान्य करतो, पण माझ्या गाडीच्या इंजिनात नोंदलेला एकही आकडा त्या कार्यालयाने शेवटपर्यंत पाहिला नाही, आणि याचा राग मला आजही आहे.

शेवटी एका स्वतंत्र गॅरेजमध्ये एका शांत स्वभावाच्या मेकॅनिकने तो आकडा पाहिला. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो. त्याच्याकडे जाणारी रबरी नळी तडकली होती आणि सेन्सरही चुकीचे मोजत होता. इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू, अशा स्थितीत दाबातला फरक शून्याच्या आसपास दिसायला हवा, तो दिसत नव्हता. म्हणजे फिल्टर भरलेला नसताना गाडी तो भरला असे समजत होती आणि वारंवार जाळण्याचा प्रयत्न करत होती. दुरुस्ती किरकोळ निघाली. सक्तीच्या रिजनरेशनचा खर्च, बदललेली ऑइले आणि पत्रव्यवहारात गेलेला काळ मात्र मला कोणी परत दिला नाही.

म्हणून तुम्ही ज्या जीटीडीकडे पाहत आहात तिच्याबद्दल माझे स्पष्ट मत असे, की विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर एक पाऊलही पुढे जाऊ नका. स्कॅनरमधून काढलेला, तारीख आणि किलोमीटर असलेला लेखी अहवाल मागा, आणि त्यात काजळीचे मोजलेले व इंजिनाने अंदाजलेले असे दोन्ही आकडे, राखेचे प्रमाण, शेवटच्या पूर्ण रिजनरेशननंतर झालेले अंतर आणि इंजिन बंद असतानाचा दाबफरक एवढे हवेच. काजळी आणि राख यांत गल्लत होऊ देऊ नका, कारण माझ्या पत्रव्यवहारात ती सतत होत होती: काजळी जळते, राख जळत नाही. राख इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून येते, कितीही महामार्ग पालथे घातले तरी ती जात नाही, आणि तिने फिल्टर भरला असेल तर तो काढून साफ करणे किंवा बदलणे एवढेच उरते. जुन्या बिलांत ऑइल डीपीएफसाठीच्या कमी राखेच्या दर्जाचे लिहिले आहे का, तेही तपासा. विक्रेता वॉरंटी देत असेल तर फिल्टर, दाबाचा सेन्सर, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग इंजिनात परत सोडणारी यंत्रणा) आणि टर्बो यांची नावे घेऊन ते करारात आहेत की नाहीत हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या. सर्वसाधारण शब्दांत लिहिलेले संरक्षण हे संरक्षण नसते, असे माझे अनुभवान्ती ठाम मत आहे.

पेट्रोल निर्दोष आहे असे मात्र समजू नका. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या व्हाल्व्हवर कार्बन साचतो, कारण त्यांना धुणारे इंधन तिथून जातच नाही. त्या पिढीच्या दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या भागातून कूलंट गळण्याची तक्रारही सर्वपरिचित आहे, तेव्हा कूलंटची पातळी थंड इंजिनावर पाहा. मायलेजबाबत, जुन्या चाचणीप्रमाणे शंभर किलोमीटरला जीटीडी ४.२ आणि जीटीआय ६.० लिटर घेते. प्रत्यक्षात दोन्ही जास्त घेतील, आणि पाय जड असेल तर जीटीआय खूपच जास्त घेईल. छोट्या फेऱ्यांत थंड इंजिन दोन्हीकडे इंधन खाते, पण पेट्रोल लवकर तापते आणि त्याला अर्धवट राहिलेल्या कोणत्याही कामाची शिक्षा भोगावी लागत नाही. तुमच्या पिढीच्या जीटीआयच्या एक्झॉस्टमध्ये बहुधा फिल्टर नसेलच. पेट्रोल गाड्यांत तो मुख्यतः २०१८ च्या सुमारास येऊ लागला, आणि तिथेही एक्झॉस्ट मुळातच अधिक गरम असल्याने काजळी सहज जळते.

दोन्हींपैकी कोणतीही घेतलीत तरी एक सवय लावून घ्या. कूलंटचा काटा ९० वर स्थिर झाला म्हणजे ऑइलही तापले असे होत नाही, ते बरेच मागून तापते. सातव्या पिढीच्या गोल्फमध्ये ऑइलचे तापमान पडद्यावर दिसते, ते ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत इंजिनावर जोर देऊ नये. डिझेल घेतलीत तर, थांबल्यावर आरपीएम नेहमीपेक्षा किंचित वर दिसले, स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय) चालेनासे झाले किंवा इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहिला, तर रिजनरेशन चालू असल्याचे ओळखावे आणि शक्य असल्यास आणखी थोडे चालवून ते पूर्ण होऊ द्यावे.

तुमच्या जागी मी असतो तर जीटीआय घेतली असती, आणि हे मी महिन्यातल्या त्या एक-दोन लांब प्रवासांचा विचार करूनच म्हणतो. अधूनमधूनचा महामार्ग रोजच्या छोट्या फेऱ्यांची भरपाई करतो हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे; लांब प्रवास येईपर्यंतच्या आठवड्यांत अर्धवट रिजनरेशन आणि ऑइलमध्ये उतरलेले डिझेल यांचा हिशेब वाढतच असतो. तुमची रोजची फेरी अर्ध्या तासाची आणि मोकळ्या रस्त्याची असती, तर याच अहवालाच्या अटीवर मी जीटीडी सुचवली असती. तरीही मन जीटीडीवरच असेल, तर वर सांगितलेले आकडे मागवा आणि इथे लिहा. बाकीच्यांच्या आधी मी इंजिन बंद असतानाचा दाबफरक पाहीन, आणि तो अहवालात नसेल तर ती गाडी तिथेच सोडून द्या असेच सांगेन.