साठीनंतर पोहण्याचा सराव बाराही महिने कसा टिकवावा? थंडीत हमखास खंड पडतो.

पुण्यासारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत सकाळी ६ च्या बॅचला उघड्या तलावात उतरायचं म्हणजे शिक्षाच. सरळ बॅच बदला. दुपारी ३-४ वाजता गारठ्याची धार उन्हाने बोथट झालेली असते. तरी थेट सूर मारू नका. गार पाण्यात एकदम शिरलं की श्वास अडकतो, रक्तदाब झटकन चढतो. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायऱ्यांवरून उतरा, मान-छातीवर पाणी मारा, मग दोन लॅप सावकाश ब्रेस्टस्ट्रोक.

तलाव दुरुस्तीसाठी बंद पडला (पडतोच!) तर रबरी बँड खिडकीच्या गजाला अडकवून खांद्याचे व्यायाम करा. या वयात खांदाच आधी कुरकुरतो. शिवाय चालणं सोडू नका, पाण्यात हाडांवर पुरेसा भार येत नाही.

अंतराच्या मागे लागण्यापेक्षा आठवड्यातले ३ दिवस न चुकवणं मला जास्त मोलाचं वाटतं. समोर काही ध्येय हवंच असेल तर मास्टर्स, म्हणजे प्रौढांसाठीच्या पोहण्याच्या स्पर्धा बघा. तिथे २५ वर्षांपासून पुढे ५-५ वर्षांचे वयोगट असतात, त्यामुळे तुमची गाठ पंचविशीतल्या पोरांशी पडत नाही.