'आर्मेनियन' हे विशेषण भाषेचे, पंथाचे की लोकांचे?

मुंबईच्या फोर्ट भागातील 'आर्मेनियन चर्च' आणि बातम्यांमध्ये अधूनमधून दिसणारा 'आर्मेनियन धर्म' हे दोन प्रयोग पुढे ठेवून एका वाचकाने विचारले आहे की, यातले 'आर्मेनियन' हे विशेषण नेमके कशाचे आणि पंथासाठी मराठीत वेगळा शब्द योजावा काय. माझे उत्तर असे की हे मुळात लोकांचे नाव आहे आणि भाषेला ते लोकांवरूनच मिळाले. पंथाशी मात्र ते इतके घट्ट जोडले गेले की काही शतके 'आर्मेनियन कोण' हे पंथच ठरवत होता. तरीही 'आर्मेनियन धर्म' हा प्रयोग चूकच आहे, कारण धर्म ख्रिस्ती आहे.

हे लोक स्वतःला आर्मेनियन म्हणवत नाहीत. ते 'हाय', त्यांची भाषा 'हायेरेन', देश 'हायास्तान'. 'आर्मेनिया' हे बाहेरच्यांनी दिलेले नाव असून इराणचा प्राचीन सम्राट दारयवहू याच्या बेहिस्तून शिलालेखात ते 'अर्मिना' असे येते. यांतल्या कोणत्याही शब्दात धर्माचा मागमूस नाही. चर्चसाठी त्यांच्याकडे 'अराकेलाकान' म्हणजे 'प्रेषितीय' असा स्वतंत्र शब्द आहे, कारण तद्दय आणि बर्थलमय या ख्रिस्तशिष्यांनी तिथे धर्म नेला अशी त्यांची परंपरा सांगते. बोलण्यात 'लुसावोर्चाकान' असेही म्हणतात. परंपरेनुसार ३०१ साली त्रदात राजाला ख्रिस्ती करणारा संत ग्रिगोर हा 'लुसावोरिच', म्हणजे प्रकाश देणारा, आणि त्याचे अनुयायी ते लुसावोर्चाकान. मूळ भाषेत लोक आणि पंथ यांना असे वेगळे शब्द असताना घोटाळा का व्हावा, हे पाहायचे तर 'अझ्ग' या तिसऱ्या शब्दाकडे वळावे लागते.

'अझ्ग'चे भाषांतर सहसा 'राष्ट्र' असे करतात, पण त्याच्या पोटात कूळही आहे. 'अझ्गानून' म्हणजे आडनाव आणि 'अझ्गाकान' म्हणजे नातलग. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात बिगरमुस्लिम प्रजेची विभागणी भाषेनुसार नव्हे, तर धर्मसंस्थेनुसार होत असे; अशा प्रत्येक गटाला तुर्कीत 'मिल्लेत' म्हणत आणि आर्मेनियन मंडळी त्याच अर्थी 'अझ्ग' म्हणत. विवाह, वारसा, शाळा, कराची वाटणी हे सारे इस्तंबूलच्या आर्मेनियन पॅट्रिआर्कच्या, म्हणजे धर्मप्रमुखाच्या, हाताखाली चाले. त्यामुळे रोमच्या पोपला मानू लागलेला आर्मेनियन माणूस घरात तीच भाषा बोलत असूनही 'अझ्गा'बाहेर पडल्यासारखा होई. १८३० च्या सुमारास कॅथलिक आर्मेनियनांना आणि १८५० साली प्रोटेस्टंट आर्मेनियनांना सुलतानाने वेगळे मिल्लेत म्हणून मान्यता दिली, म्हणजे एका भाषेचे कायद्याने तीन 'अझ्ग' झाले. (या प्रोटेस्टंट चळवळीमागे जे अमेरिकन बोर्ड (अमेरिकेतली एक मिशनरी संस्था) होते, त्याचेच मिशनरी १८१३ पासून मुंबईत 'अमेरिकन मराठी मिशन' चालवत होते.) १८६३ साली मान्य झालेल्या समाजाच्या नियमावलीला आर्मेनियन लोक 'राष्ट्रीय राज्यघटना' म्हणत, तर सरकारी तुर्कीत तिचे नाव 'निझामनामे', म्हणजे साधी नियमावली होते. एकाच कागदाच्या या दोन नावांत मला तर त्या शतकाचा सगळा ताण दिसतो.

भाषा दुय्यम होती, याचे पुरावे कडेकडेच्या समूहांत सापडतात. अनातोलियातले (आजच्या तुर्कस्तानाच्या आशियाई भागातले) कितीतरी आर्मेनियन घरी तुर्कीच बोलत, पण ती आर्मेनियन लिपीत लिहीत. चर्च तेच असल्यामुळे ते आर्मेनियनच राहिले. १८५१ साली इस्तंबूलमध्ये निघालेली 'आकाबी हिकायेसी' ही तुर्की कादंबरी आर्मेनियन अक्षरांत छापलेली आहे आणि तिचा विषय प्रेषितीय व कॅथलिक कुटुंबांतल्या दोन प्रेमिकांची ताटातूट हा आहे. उलट बाजूला 'हाय-हुरुम' हे आर्मेनियन बोलणारे पण ग्रीक चर्चला मानणारे लोक. १९२३ च्या तुर्की-ग्रीक लोकसंख्या अदलाबदलीत पंथ पाहून त्यांची रवानगी ग्रीसला झाली. काळ्या समुद्राकाठच्या हेमशिन लोकांपैकी काही जण आजही आर्मेनियनची एक बोली बोलतात, पण ते मुसलमान आहेत आणि बहुतेक जण स्वतःला 'हाय' म्हणवत नाहीत.

यावरून भाषेचे मोल कमी होते असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण ज्या लिपीचा एवढा आधार वाटे ती चर्चच्याच कुशीत जन्मली. ३८७ मध्ये देश रोम आणि इराण यांच्यात वाटला गेला, उपासना ग्रीक किंवा सिरियाक भाषेत होई आणि ती लोकांना समजत नसे. कॅथलिकॉस (म्हणजे आर्मेनियन चर्चचा प्रमुख; कॅथलिक पंथाशी संबंध नाही) सहाक आणि व्रामशापुह राजा यांच्या पाठिंब्याने मेस्रोप माश्तोत्स याने सुमारे ४०५ साली ३६ अक्षरांची लिपी तयार केली आणि बायबलमधील 'नीतिसूत्रे' या पुस्तकापासून अनुवादाला सुरुवात केली. या अनुवादकांना त्यांच्या चर्चने संतपद दिले असून 'पवित्र अनुवादकां'चा सण दरवर्षी साजरा होतो. व्याकरणाची आवड असणाऱ्यांनी दखल घ्यावी असे हे चर्च आहे! अनुवादकासाठी त्यांचा शब्द 'थार्गमानिच' आहे. तो अरामी भाषेतून आला आणि त्याच अरामी मुळातून अरबीमार्गे मराठीत 'तर्जुमा' आला, तेव्हा हे दोन शब्द दूरचे भाऊच ठरतात. मात्र त्या काळची 'ग्राबार' ही प्राचीन भाषा आज फक्त उपासनेत उरली आहे आणि सामान्य श्रोत्याला ती पुरती कळत नाही.

'आर्मेनियन कोण' याचे वर्तुळ पंथाच्या बाहेर रुंदावण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात कॅथलिक साधूंना जाते, हे मला विशेष वाटते. मखितार या साधूने स्थापलेल्या संघाने १७१७ पासून व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावर कोश, व्याकरणे आणि प्राचीन ग्रंथांच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. जुन्या पंथीयांच्या दृष्टीने हे 'अझ्गा'बाहेरचे लोक. पण पुढच्या पिढ्यांना भाषेचा अभिमान बाळगायला सामग्री मिळाली ती त्यांच्याकडून. आजच्या आर्मेनियाच्या राज्यघटनेतही दोन्ही धागे आहेत: धार्मिक संघटना राज्यापासून अलग असल्याचे एक कलम सांगते आणि लगेच पुढचे कलम प्रेषितीय चर्चला 'राष्ट्रीय चर्च' म्हणून राष्ट्रीय अस्मिता जपण्याचे विशेष कार्य बहाल करते. तिथला येझिदी (स्वतंत्र धर्म पाळणाऱ्या एका अल्पसंख्य समूहाचा माणूस) मात्र आर्मेनियाचा नागरिक असतो, 'हाय' नसतो. मराठी 'आर्मेनियन' शब्दात हा फरक बुडतो.

म्हणून माझी शिफारस अशी. लोक आणि भाषा यांसाठी 'आर्मेनियन' ठेवावे, नागरिकत्वाची गोष्ट असेल तर 'आर्मेनियाचा नागरिक' असे लिहावे आणि पंथासाठी पहिल्या उल्लेखात 'आर्मेनियन प्रेषितीय चर्च' हे पूर्ण नाव द्यावे. नुसते 'ऑर्थोडॉक्स' लिहिल्यास वाचक रशियन-ग्रीक परंपरा समजतो. ४५१ च्या खाल्किदोन या धर्मपरिषदेचा, ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव मानणारा सिद्धांत आर्मेनियनांनी नाकारल्यामुळे ते त्या परंपरेत मोडत नाहीत. कॉप्टिक आणि सिरियन चर्चप्रमाणे ते पौर्वात्य ऑर्थोडॉक्स गटात येतात. 'ऑर्थोडॉक्स'साठी 'सनातनी' योजणे तर सर्वस्वी दिशाभूल करणारे आहे. शिवाय धर्मशास्त्रीय लेखनात कुठे 'आर्मिनियन' असे ऱ्हस्व 'मि' असलेले विशेषण दिसले, तर ते छपाईची चूक समजून दुरुस्त करू नये. ते १६०९ साली वारलेल्या आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या मताचे नाव असून मेथडिस्ट मंडळींच्या पुस्तकांत ते हमखास भेटते आणि त्याचा या देशाशी काही संबंध नाही.