साताऱ्याजवळ यवतेश्वरला घरामागच्या मातीच्या उतारावर लोखंडाऐवजी फायबरचे सॉइल नेल (माती धरून ठेवायला उतारात भोक पाडून बसवायच्या सळया) चालतील का?

चालतील. आपल्याकडे पावसाळाभर उतार ओला राहतो, लोखंड गंजतं. फायबरची, म्हणजे काचतंतूंची सळई गंजत नाही. वजनही लोखंडाच्या साधारण पाव, खांद्यावरून सहज वर नेता येते. ओढ ती भरपूर सोसते, पण ताठपणा लोखंडाच्या जेमतेम पाव, म्हणजे उतार थोडा जास्त सरकल्यावरच ती पूर्ण ओढ धरते. शिवाय ती लोखंडासारखी आधी लांबत नाही, एकदम तुटते. जागेवर वाकवताही येत नाही. भोक खाली १०-१५ अंश तिरकं घ्या, सिमेंटचं ग्राउट (सिमेंट-पाण्याचं पातळ मिश्रण) तळापासून भरा. आणि कृपा करून पाणी काढायचे पाईप विसरू नका! जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला अतिवृष्टीतच दरडी कोसळल्या. सळयांची लांबी आणि अंतर माती तपासून अभियंत्याकडूनच ठरवून घ्या.