खाच की खोबण?

विचारणा अशी आहे: हाताने घडवलेल्या लाकडी स्टुलाचं वर्णन करताना ‘पायाचं टोक बैठकीच्या खाचेत बसवलं आहे’ असं लिहावं की ‘खोबणीत’? आणि त्या टोकाला वेगळं नाव आहे का?

खोबणीत. आणि टोकाला फार नेमका शब्द आहे: कुसू. नपुंसकलिंगी, ते कुसू. इंग्रजी ‘टेनन’ लिहिण्याआधी हा शब्द जरूर वापरून पाहा.

खोबण चारी बाजूंनी बंद असते, तोंड तेवढं उघडं. आत गेलेलं लाकूड जसं गेलं तसंच बाहेर येईल, आजूबाजूला हलणार नाही. खाच मात्र एका बाजूने तरी मोकळी असते. दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींत बसवताना दोघींना निम्म्या जाडीपर्यंत कापतात, ती खाच. खणाचा तळ जिच्यात सरकवतात, ती लांबलचक चरही खाचच.

पण मला आकारापेक्षा दुसरा फरक महत्त्वाचा वाटतो. खोबण म्हटली की तिच्यात बसणारं काहीतरी आलंच. डोळा खोबणीत असतो, खांद्याचं हाड खोबणीतून निसटतं. खाचेला असा जोडीदार लागत नाही, ती नुसती कापलेली किंवा खोल गेलेली जागा. म्हणून दृष्टी गेली की ‘डोळ्यांच्या खाचा झाल्या’ म्हणतात. तिथे कुणी ‘खोबणी झाल्या’ म्हणणार नाही. ‘खाचाखोचा’मधली खाचही हीच.

आता कुसू. ते वेगळं करून चिकटवलेलं नसतं. पायाचंच लाकूड टोकाशी तासून, खाली खांदे, म्हणजे न तासलेल्या रुंद कडा, ठेवून, ही जीभ काढतात. खोबण आरपार असली तर कुसू बैठकीच्या वर दिसतं. त्याच्या माथ्यावर करवतीने चीर पाडतात आणि चिरेत पाचर ठोकतात. माथा फुलतो, पाय परत खाली निसटत नाही. पाचर बैठकीच्या लाकडाच्या रेषांना काटकोनातच हवी. रेषांच्या दिशेने ठोकली, तर तिच्या दाबाने बैठकच उकलायची. ओंडके फोडायला वापरतात तीही पाचरच ना.

बोलण्यात मात्र पाचरीची वाईट बाजूच तेवढी उरली. ‘पाचर मारणे’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात अडथळा घालणे. सांधा घट्ट धरून ठेवणाऱ्या वस्तूच्या वाट्याला एवढाच वाक्प्रचार यावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणूनच तुमच्या वर्णनात ती आवर्जून यावी.

मी वाक्य असं लिहीन: ‘प्रत्येक पायाचं कुसू बैठकीच्या आरपार खोबणीत बसवून वरून पाचर ठोकली आहे, खिळा एकही नाही.’